पडक्या देवळापाशी दोघे

पाटण,
७ मे २०२४

चि. सौ. पूजा हिस,
अ. आ.

धरणाचं पाणी उतरलं आणि आपल्या बुडालेल्या गावातलं शिवालय उघडं पडलं. शिखर कधीच ढासळलंय, खांब मात्र जुन्या मास्तरांसारखे ताठ आहेत. तीन दिवस तिथं बसून चित्र केलं, ते सोबत पाठवतोय. नुसती काळी शाई आणि पाणी. जावईबापूंना सांग, रंग भरायचे राहिलेले नाहीत, हे असंच असतं.

महिनाअखेरीस तुम्ही येणार म्हणून आंब्यांची अढी घातली आहे. माझं उत्तम चाललंय. साक्षीला गोड पापा.

तुझे आबा

सांगली,
१४ मे २०२४

ती. आबांस,
कृ. सा. न. वि. वि.

चित्र पोचलं. खांबाशी बसलेले दोघे म्हणजे तुम्ही आणि शेजारचे केरबाकाका, हे साक्षीनं लगेच ओळखलं. आई गेल्यापासून तुम्ही एकटे, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुमच्या गप्पा रंगलेल्या पाहून जीव भांड्यात पडला.

म्हणूनच धीर करून लिहिते. यांना रजा नाही, साक्षीचं पोहण्याचं शिबिर लागलंय. आता दिवाळीतच येऊ. आंबे केरबाकाकांना द्या. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची पूजा

पाटण,
१९ मे २०२४

चि. सौ. पूजा हिस,
अ. आ.

आंबे द्यायला केरबा नाही. संक्रांतीलाच घराला कुलूप लावून तो लेकाकडे पुण्याला गेला. जाताना म्हणाला, मास्तर, तुमी बी लेकीकडं जावा, हितं आता कोण हाय? तू काळजीनं अर्धी होशील म्हणून कळवलं नाही. फोनवर तर बरं आहे म्हटलं की बोलणं संपतं.

चित्रात मी नाही, केरबाही नाही. पडकं देऊळ काढलं की त्यापाशी माणूस काढावा लागतो, नाहीतर खांब दोन हात उंच की वीस, ते कळत नाही. बत्तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं. सवयीनं हात चालला आणि तू निर्धास्त झालीस. चूक माझीच.

पूजा, मला फार एकटं वाटतं गं. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही. जावईबापूंना रजा नसेल तर तू एकटी ये, दोनच दिवस ये.

आणि एक कबूल करतो. उंची दाखवायला एक माणूस पुरतो. दुसरा काढायची गरज नव्हती.

वाटेकडे डोळे लावून,
तुझे आबा