सिंधुच्या त्या दहा दिवसांबद्दल

मी, डॉ. पंचशीला रामकिशन सोनकांबळे, वय ६८ वर्षे, निवृत्त मनोविकारतज्ज्ञ, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. शिल्पा बिराजदार यांचा दाखला सोबत जोडला आहे. असे दाखले मी आयुष्यभर इतरांना दिले. स्वतःसाठी पहिल्यांदाच मागितला. मी अविवाहित असून मला अपत्य नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. स्किझोफ्रेनिया हा माझ्या अभ्यासाचा विषय. भूकंपानंतर किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करताना तो मी धरला आणि तीस वर्षे सोडला नाही. भानामती झाली म्हणून साखळीने बांधलेली माणसे औषधाने उठून पेरणीला गेलेली मी पाहिली आहेत. लोहा, हिमायतनगर, किल्लारी भागांतील घरभेटींच्या एकतीस वह्या, रुग्णांची नावे खोडून, वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्याव्यात. नववी वही वगळून.

२. नवव्या वहीत सिंधु आहे, म्हणून ती वही सिंधुच्या मुलीला, उज्वलाला द्यावी.

सिंधु शेषेराव कदम, लोहा तालुक्यातली, तेव्हा सत्तावीस वर्षांची. जुन्या गोळीवर ती दोन वर्षे ठणठणीत होती. रान बघायची, मुलीची वेणी घालायची. २००५ साली मी एका नव्या औषधाचा अभ्यास हाती घेतला. नियम असा, की आधी दहा दिवस जुने औषध पूर्ण बंद. मला एक रुग्ण कमी पडत होता.

सिंधु म्हणाली, "बाई, ती गोळी बंद करू नका. बंद झाली की ते आवाज परत येतेत. माहं मलाच ठाव हाय."

मी म्हणाले, "दहाच दिवस, सिंधु. मी आहे ना."

संमतीपत्रावर तिने अंगठा उठवला नाही. नवऱ्याची सही मी पुरेशी धरली. आठव्या दिवशी ती घरातून निघून गेली. चौदा महिन्यांनी निजामाबादच्या एका महिला आश्रमात सापडली. तोवर शेषेरावांनी दुसरे लग्न केले होते, सहा वर्षांची उज्वला आजोळी गेली होती. आणि ती जुनी गोळी सिंधुला पुन्हा पूर्वीसारखी लागू पडली नाही.

माझ्या शोधनिबंधात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे: एक रुग्ण अभ्यास सोडून गेला.

३. ते वाक्य माझे सहकारी डॉ. दयानंद लोहकरे यांनी सुचवले. "मॅडम, एका बाईपायी सगळा अभ्यास बुडवणार का?" असे ते म्हणाले. लिहिले मात्र मी. त्या निबंधाला मिळालेले मानचिन्ह त्यांच्या घरी पोचते करावे. त्यांनी ते दिवाणखान्यात ठेवावे. नियतकालिकाला खरी हकीकत मी गेल्या महिन्यात कळवली आहे. अजून उत्तर नाही.

४. लातूरचे राहते घर व बँकेतील ठेव सिंधुच्या नावे करते. २००९ पासून ती माझ्याजवळ राहते. लोक त्यावरून मला देवमाणूस म्हणतात आणि मी कधी खोडून काढले नाही. हे दान नव्हे, असे मृत्युपत्र वाचणाऱ्याने मोठ्याने सांगावे. तिची औषधे तिला विचारल्याशिवाय कोणीही, कितीही मोठा डॉक्टर असला तरी, बदलू नयेत. या सर्वाची अंमलबजावणी ॲड. वीरेश मडिवाळप्पा हुडगे यांनी करावी.

५. हा मसुदा मी आधी सिंधुला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

"मला ठाव हाय की," ती म्हणाली. "म्याच तर म्हन्ले होते, बंद करू नका."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?" मग ताट बाजूला सारून म्हणाली, "उज्वलाला जित्तेपणी सांगा. तुमी मेल्यावर ती कुणासंगं भांडंल?"

६. म्हणून काल, रविवारी, उज्वलाला बोलावले. ती नांदेडला परिचारिका आहे. मला मावशी म्हणते. तिने दुसरे कलम दोनदा वाचले.

"आई गेली तेव्हा मी शाळेत होते," ती म्हणाली. "घरी सांगितलं, आई रानात गेलीय. मी तीन दिवस बांधावर जाऊन बसत होते, डॉक्टर."

मावशी म्हणाली नाही. माफीचे शब्द मी पाठ करून ठेवले होते. तोंड उघडताच तिने हात वर केला. "आत्ता नको."

दुपारच्या बसने ती आईला घेऊन गेली. किती दिवसांसाठी, ते सांगितले नाही. विचारायचा मला हक्क नव्हता. सिंधुने गोळ्यांची पाकिटे पिशवीत नीट ठेवली आणि उंबऱ्यातून मला म्हणाली, "फ्रिजमदी वरण हाय. गरम करून खावा."

त्या दोघी परत आल्या नाहीत तरी कलम चार जसेच्या तसे राहील.

हे सर्व मी आज पुन्हा वाचले. एकही शब्द बदलावासा वाटला नाही, म्हणून खालील दोघींसमक्ष सही करते.

ठिकाण: लातूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) पंचशीला रामकिशन सोनकांबळे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. शिल्पा बिराजदार, लातूर
२. (सही) तारामती धोंडप्पा हत्तरगे, शेजारी, लातूर