रांजणवाडी आणि तिच्या अनुषंगाने बंद लिफ्ट

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
तक्रार विभाग, गृहवसाहत कार्यालय

विषय : उजव्या पापणीवरील रांजणवाडी व तिच्या अनुषंगाने बंद लिफ्टबाबत.
संदर्भ : "इतकी घाई काय आहे?" हा माझ्या रजेच्या अर्जावरील आपला तोंडी आदेश.

महोदय,

मी आपल्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर कारकून आहे. मध्यंतरी माझ्या उजव्या पापणीवर रांजणवाडी आली. स्वच्छ फडका गरम पाण्यात पिळून शेक द्यावा, फोडू नये, चोळू नये आणि डोळ्याला विश्रांती द्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यासाठी मी रजा मागितली. ती का मिळाली नाही, हे लिहून ठेवणे भाग आहे.

रांजणवाडीमुळे डोळा सतत गळत असे. तक्रार ऐकून मला रडूच येते, असा लोकांचा समज झाला. आपल्या खात्यात असे पूर्वी कधी न घडल्यामुळे ते गडबडून जात. तावातावाने आलेला माणूस आवाज खाली आणून "जाऊ द्या हो" म्हणे आणि घरी जाई. गळकी छपरे, तुटके कठडे, बंद दिवे, सगळ्यांचे समाधान एकाही दुरुस्तीशिवाय होऊ लागले. हे रडणे नसून रांजणवाडी आहे, असा खुलासा मी करून पाहिला. त्यावर लोक "मन मोठं आहे तुमचं" म्हणून आणखीच हळवे झाले.

शेजारच्या खिडकीसमोर चिटपाखरू उरले नाही. तेथील सहकाऱ्यास आपण "यांच्याकडून काहीतरी शिका" असे सुनावलेत. बिचारा तेव्हापासून डोळे चोळत बसतो. माझी खुर्ची काचेजवळ सरकवण्यात आली. ज्या किटलीतील पाण्याने मी शेक घेई, ती कपाटात ठेवून कुलूप लावण्यात आले. मला याचा राग आला होता.

अशात पाचव्या मजल्यावरच्या आजी आल्या. लिफ्ट बंद पडल्यापासून त्यांचे यजमान खाली उतरलेले नाहीत. त्यांचे गुडघे गेले आहेत. कोपऱ्यावरच्या सलूनपाशी त्यांची मित्रमंडळी जमते, ती ते वरून बघत बसतात. एरवी आजी काचेवर हात आपटून मला फैलावर घेत. या वेळी त्यांनी माझ्या डोळ्याकडे पाहिले, थर्मासमधले गरम पाणी आपल्या धुतलेल्या रुमालावर ओतले आणि तो फटीतून आत सरकवला. "डोळ्याला धर, बाळा. आमच्या लिफ्टचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस," असे म्हणून त्यांनी तक्रार मागे घेतली व जिन्याने चढायला निघून गेल्या. आपण त्यावर 'निकाली' असा शिक्का मारलात.

त्याच रुमालाने मी घरी शेक घेत राहिलो. रांजणवाडी आपोआप फुटून बसली. उजवा डोळा ठणठणीत असल्याचा दाखला मिळाला आहे. सबब मला आता रजा नको.

तथापि आज तो शिक्का पाहताना डोळे पुन्हा गळू लागले. दोन्ही. डाव्या डोळ्याला रांजणवाडी कधीच नव्हती. मला फार वाईट वाटते आहे, साहेब, आणि हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते मला ठाऊक नाही.

तरी आजींची तक्रार पुन्हा दाखल करून घेऊन लिफ्ट सुरू करावी. त्यांचा रुमाल मला परत करायचा आहे. तो घ्यायला आजोबांनी स्वतः खाली यावे, एवढीच माझी मागणी आहे.

आपला नम्र व आता बरा झालेला,
कारकून, खिडकीवरचा
दिनांक : आजचाच

सोबत :
१) उजव्या डोळ्याचा दाखला.
२) डाव्या डोळ्याचा दाखला मिळू शकला नाही. ते आपल्या खात्यात येत नाही, असे डॉक्टर म्हणाले.