गिरदावराची काडी आणि ठकीची वाटी

फाल्गुन शु. २, सोमवार. घाटनांदूर
शाळा बंद होऊन तिसरा आठवडा. पोरंच येत नाहीत, शिकवू कुणाला? तहसिलीचा हुकूम आला: मास्तरानं लहान मुलांच्या लंगरावर देखरेख करावी. म्हणजे चूल, पातेली नि शेंबडी पोरं. ठीक. दुष्काळात नाक वर करून चालत नाही.
रांधायला आष्टीकडची चंद्रभागा. पन्नाशीची, फटकळ. ज्वारीच्या पिठाचा घाटा करते. गिरदावरानं (तहसिलीचा तपासनीस) दरडावून सांगितलाय तो नियम एकच: पातेल्यात काडी उभी करायची. पडली तर घाटा पातळ. पातळ तर बाईनं पीठ चोरलं. झालं!

शु. ४, बुधवार
मोमिनाबादच्या दवाखान्याचे डॉक्टर आले. पोरांचे दंड चिमटीत धरून पाहिले, सात पोरं बाजूला काढली. "यांना पिठाचं काही द्यायचं नाही. आतडी दुबळी आहेत. पीठ पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. फक्त भाताची निवळ." आयोडीनची बाटली दिली. मळावर थेंब टाकायचा, निळा झाला की पीठ कच्चंच पडलं असं समजायचं.
सातांत ठकी, दीड वर्षाची. आई तानी सडकेच्या कामावर खडी फोडते, सकाळी हिला इथं ठेवून जाते. पोरीला मान पेलत नाही, पोट मात्र घागरीएवढं.
चं. डॉ.च्या तोंडावर बोलली, "निवळीवर कोंबडीचं पिल्लू तरी जगंल का?" मी गप्प बसवलं. शिकलेला माणूस सांगतोय.

शु. ७, शनिवार
पकडली!
चं. ठकीला कोपऱ्यात घेऊन पाजत होती. निवळ नव्हे, घाटा! आणि तोही पाण्यासारखा. काडी टाकली, आडवी. म्हणजे पीठ घरी, पाणी पोरांना, वर डॉ.चा हुकूम मोडलेला. डोक्यात तिडीक गेली. लाज नाही का वाटत, लेकरांच्या तोंडचं पळवतेस, असं सगळ्यांदेखत बोललो.
"पीठ तेवढंच हाय मास्तर. चिमूट घातली म्हनून सैल झालंय."
"चिमूट कसली? जादूची?"
काढून टाकली. जाताना म्हणाली, "मला काय बी म्हना. हिला तेवढं पाजा."
दुपारी जरा बरं वाटलं, चोर पकडल्यावर वाटतं तसं.

शु. १०, मंगळवार
नवी बाई घाटा करते तो विळ्यानं कापावा असा. काडी काय, पहार उभी राहील. मोठी पोरं गिळतात. दोन-तीन वर्षांची चार घासांत दमतात, थुंकतात. वाट्या अर्ध्या भरलेल्या परत येतात.
ती सात निवळीवरच. ठकीनं रडणंही सोडलं. संध्याकाळी तानी न्यायला आली. पोरीकडं बघत राहिली. म्हणाली, "मास्तर, परवापस्तोर ही माजं बोट धरत व्हती."
ठकीला तिच्या पदरात ठेवलं.
घरातल्या मंडळींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, एकदा तुमच्यासमोर करायला लावायचं होतं तिला. शाळेत पोराचं न ऐकता छडी उगारता, तसंच केलंत." वर्मी लागलं.
आज आणखी एक घडलं. लिहवत नाही.

शु. ११, बुधवार
चं.च्या खोपटावर स्वतः गेलो. पीठ मी नेलं, मी मापलं, चुलीवर मीच हलवलं. काडी उभी राहिली. उतरवून, बोट सोसेल इतकं निवू दिलं. मग तिनं फडक्यातली चिमूट टाकून ढवळलं. माझ्या डोळ्यांदेखत घाटा सैल झाला, ओघळायला लागला. पाण्याचा एक थेंब नाही! काडी आडवी.
चिमूट म्हणजे मोडाच्या ज्वारीचं पीठ. भिजवायची, मोड आले की वाळवायची, कोंब चोळून फेकायचे ("वंगाळ असत्यात ते"), मग दळायची.
"आमच्याकडं दात गेल्याल्या म्हाताऱ्यास्नी असंच देत्यात. म्हाताऱ्याला पचतंय, मग लेकराला कावून न्हाई?"
"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"
"सांगितलं की. तुमी ऐकलं कुटं?"
पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, मास्तरकी आडवी आली. "उद्यापासून ये," एवढंच म्हणालो.

शु. १३, शुक्रवार
उरलेल्या सहा पोरांना चं.चा घाटा. थोडाथोडा, दिवसातनं सहादा. आणि मी सकाळी उठून बाटली घेऊन पोरांच्या ढुंगणामागं हिंडतोय. बायका पदराआड हसतात. हसू देत. ठकीचा थेंब काल निळा, आज निळसर. डॉ. खरा ठरला तर?

पौर्णिमा, रविवार
गावात होळीला गोवऱ्या नाहीत.
ठकीचा थेंब पिवळा. दुसरा टाकला. पिवळाच. बाटली बिघडली असेल म्हणून कोरड्या पिठावर टाकला तर शाईसारखं निळंशार.
पचतं! ह्या दुबळ्या आतड्यांत पीठ पचतं! डॉक्टरानं बाटली दिली, पण स्वतः एकदा तरी थेंब टाकून पाहिला होता का? की दंड चिमटीत धरला आणि सगळं कळलं?
सात होती, सहा उरली. लिंबाजी दशमीला गेला. दोन वर्षांचा. आठवडाभर निवळ पाजली त्याला, हुकमाप्रमाणे, वेळेवर, माझ्या हातानं. चंद्रभागेला मी चोर म्हणालो. मग मला काय म्हणायचं?

वद्य १, सोमवार
थेंब पिवळा झाल्याचं डॉ.ला पत्र धाडलं. मुद्दाम शिष्टपणे लिहिलं नाही.
दुपारी गिरदावर घोड्यावरून आला. पातेल्यात काडी. आडवी. "क्या मास्तर, ये घाटा है या पानी?"
सगळं सांगितलं. म्हटलं बसा, तुमच्यासमोर करून दाखवतो. बसायला वेळ नाही! दस्तूर म्हणजे दस्तूर. मोडाच्या पिठाचं मडकं उचलून नेलं. उद्या सकाळी येणार, वाढून होईपर्यंत उभा राहणार. चं.नं पीठ चोरलं असा कागद माझ्यापुढं टाकून गेला, खाली माझी सही पाहिजे. नाही केली तर चोरीत मीही सामील.
अरे, काडीला जेवू घालायचंय की पोरांना?
चं. म्हणाली, "करा सही, मास्तर. माजं काय, मी जाईन आष्टीला. पन नवं पीठ व्हायला चार दिस लागतेत. तवर ठकीचं काय?"
घरी येऊन आदळआपट केली. घरातली मंडळी आत गेल्या, सोवळ्यातला डबा आणून पुढं ठेवला. आत मोडाच्या ज्वारीचं पीठ. माझं ऐकून त्यांनी गेल्या बुधवारीच ज्वारी भिजवली होती. ह्या घरात शहाणं कोण ते आज कळलं.

वद्य २, मंगळवार. सकाळी
घाटा झाला. चिमूट मीच टाकली. कागद गुडघ्यावर आहे, सही केलेली नाही. करणारही नाही, असं आत्ता तरी वाटतंय. चं. पळाली नाही, वाट्या मांडतेय. पोरं रांगेत. नाक्याकडनं घोडा येताना दिसतोय.
ठकी मांडीवर. तिच्या वाटीत काडी टाकून पाहिली, पडली आडवी. ठकीनं हात घालून ती उचलली, मुठीत घट्ट धरली आणि चाटायला लागली. घ्यायला गेलो तर सोडेना.