टपावरचे लाइट

१२ नोव्हेंबर

परवा इथं लिहिलेलं चुकलं. जीपचे हेडलाइट चालू होते असं लिहिलंय. नव्हते! शेतातल्या आखाड्याच्या माळवदावरून मी बघत होते. जीप अंधारातच आली. सुगतच्या मोटारसायकलसमोर आली आणि टपावरचे चारही लाइट एकदम लागले. त्यानं डोळ्यांवर हात धरला, तेवढ्यात दादा गज घेऊन उतरला. पहिला घाव जबड्यावर. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज! "माझ्या बहिणीला गाडीवर बसवतो का रे?" तो खाली पडला तरी दादा मारतच होता.

ते लाइट मीच जोडलेत. "हेडलाइट बंद असताना वरचे लागले पायजेत. डुकराला गाडी दिसली की पळतंय," दादा म्हणाला होता. पिकातली डुकरं गाठून मारायची म्हणून मी थेट बॅटरीवरून वायर घेतली, वेगळा स्विच दिला. काम चोख झालं — तेच टोचतंय.

१३ नोव्हेंबर

सुगत नांदेडला दवाखान्यात. जबडा तारेनं बांधलाय. एक डोळा जाईल म्हणतात. आयटीआयला आम्ही एकाच बाकावर बसायचो.

१४ नोव्हेंबर

सुगतनं पोलिसांना कागदावर लिहून दिलं — जीप अंधारात आली, मग वरून उजेड पडला. दादा ठाण्यात म्हणाला, "वरचे लाइट हेडलाइटबिगर लागतच न्हाईत साहेब. तोच येऊन धडकला." सोमवारी जीप तपासायला येणार.

बाबा म्हणाले, "उज्ज्वले, वरची वायर हेडलाइटवर घे." घरात वायरीतलं कळतं ते मला एकटीला. नाही म्हटलं. दादानं माझा डावा हात बॉनेटखाली धरला आणि बॉनेट आपटलं. दोन नखं गेली. रक्त बॅटरीवर. आई नुसती म्हणाली, "भाऊ हाय तुझा." बाबा म्हणाले, "घरात पयली शाळा तुला दावली, ती ह्याच्यासाठी?"

१५ नोव्हेंबर

दुपारभर बॉनेटखाली वाकून एका हातानं खुडबुड करत होते. "झालं," म्हटलं. दादानं हेडलाइट लावले, मग वरचा स्विच दाबला. लागले. "बघा बाबा, शिकलेली बहीण कामाला आली!" हसत माझ्या डोक्यावर टपली मारली.

१६ नोव्हेंबर

वायर हलवलीच नाही. हेडलाइट बंद करून बघायचं दादाला सुचलं नाही. उद्या, सोमवारी, १७ नोव्हेंबरला, साहेब जीपपाशी आले की हेडलाइट बंद ठेवून तो स्विच मी दाबणार. सगळ्यांसमोर.