खांबाखालचा माणूस

मंगळवार, संध्याकाळ

कशातच लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसले. विजेचे दर ठरवण्याआधी वीज कंपनीची कार्यक्षमता मोजायची, हे माझं काम. एका कर्मचाऱ्यामागं ग्राहक किती, हा मी लावलेला निकष. चितेगावकडं लाइनमन जोडीनं जातात. एक खांबावर चढतो, दुसरा खाली उभा राहतो. खालचा माणूस मी अहवालात जादा धरला. अहवाल मान्य झाला, आणि आजपासून जोड्या मोडल्या.

माझा धाकटा भाऊ दिनकर तिथंच लाइनमन आहे. दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, आता एकट्यानंच चढा म्हणतेत. मधीच लाइन चालू झाली तं खालून ओरडायचं कुणी?"

"तू चढू नकोस."

"लोकं कालपासून अंधारात बसलेत. नाय कसं म्हणू?"

तशीच साहेबांकडं गेले. म्हटलं, निकष चुकलाय, अहवाल मागं घेऊ. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच आकड्यांमुळं दर उतरणार आहेत. आता लोकांना काय सांगायचं?"

खरंच, काय सांगायचं? खालचा माणूस करतो तरी काय? नुसता वर बघत राहतो. ते कशात मोजायचं असतं?

तासाभरापूर्वी फोन लावला, तर दिनकरच्या बायकोनं, मंगलनं उचलला. "वन्सं, ते मघाशीच एकटे गेले. मोबाईल घरीच राहिलाय."

मग मी तिला सगळं सांगून टाकलं, हे माझ्यामुळं झालंय म्हणून. ती एवढंच म्हणाली, "आले की फोन करते."

अजून केलेला नाही.