दानेश्वरीचे पाच चिंचोके

८ जुलै
पाटावर खिळ्याने पंचवीस घरं कोरली. खडू पुसला जातो, म्हणून. सोंगट्या म्हणजे जुनी बटणं. चिंचोके फोडून फरशीवर घासले – एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पाच टाकायचे, पांढरे मोजायचे, तेवढी घरं पुढे. अंगणवाडीतल्या पोरांना मोजणी शिकवायला याहून सोपं काही नाही. आदर्श अजून तीनवरून थेट सातवर उडी मारतो. दानेश्वरी मात्र चिंचोके पडले की झपकन हात घालते आणि आकडा सांगते. साडेचार वर्षांची पोर, एकदाही चुकली नाही.

१२ जुलै
पर्यवेक्षिका मॅडम आल्या होत्या. मुद्दाम दानेश्वरीलाच पुढे बसवलं. मिरवलंच म्हणा ना! नोंदवहीत 'मोजणी – उत्तम' लिहिलं. तिची आई महादेवी न्यायला आली, तिलाही सांगितलं. ती जरा घाबरलीच. 'असं चारचौघांत बोलू नगासा, बाई.'

२२ जुलै
मॅडमनी नवा खेळ पाठवला. ठिपक्यांची गुळगुळीत कार्डं – सारख्या ठिपक्यांच्या जोड्या लावायच्या. आदर्शलासुद्धा जमलं. दानेश्वरी कार्डावरून नुसता हात फिरवत राहिली. 

२४ जुलै
पुन्हा तेच. एवढी हुशार पोर आणि मुद्दाम करते! माझं डोकं फिरलं, कोपऱ्यात बसवलं तिला. रडली नाही. उठताना खिचडीच्या पातेल्याला धडकली. मदतनीस धोंडुबाई करवादल्या, 'ध्यान कुठं असतंय हिचं?'
मला मात्र काहीतरी खटकलं.

२५ जुलै
चिंचोके टाकले. म्हटलं, हात लावायचा नाही, बघून सांग. तिने मान पाटावर खाली वाकवली. मग म्हणाली, 'बाई, लाईट लावा की.'
सकाळचे अकरा वाजले होते. पाटावर दारातलं ऊन आलं होतं.
चिंचोक्याची घासलेली बाजू खरखरीत लागते, दुसरी गुळगुळीत. कोरलेलं घर बोटाला कळतं. ती बोटांनीच खेळत होती. आणि मी 'उत्तम' लिहून मोकळी झाले. लाज वाटते मला.

२६ जुलै
महादेवीच्या घरी गेले. डोळे दाखवून घ्या म्हटलं. ऐकेचना. 'दृष्ट लागलीया. तुमीच लई कवतिक केलासा तिचं.' मीठ-मिरची ओवाळून झाली होती. आता श्रावणातले चारही सोमवार करायचे, मग बघू म्हणते. म्हणजे अजून जवळजवळ महिना! हातापाया पडले. तिने तोंड फिरवलं.

२८ जुलै
दानेश्वरी आली नाही.

४ ऑगस्ट
आली. कपाळाला भस्म. दार सापडेना तर भिंत धरून उभी राहिली. आदर्शने हात धरून आत आणली. दोन्ही डोळ्यांचं काही खरं नाही. 

६ ऑगस्ट
आज तिच्या बापाला, सिद्धरामला, फौंड्रीत सुट्टी. पाट आणि चिंचोके घेऊन घरीच गेले. त्याला डोळे मिटायला लावले, चिंचोके टाकले. म्हटलं, चाचपून सांगा पांढरे किती. त्याने सांगितलं – तीन. बरोबर.
'तुमची लेक रोज असंच खेळते,' मी म्हणाले.
चिंचोके मुठीत धरून तो बसून राहिला. महादेवी काहीतरी बोलायला गेली, तर म्हणाला, 'आता ऱ्हाऊ दे. उद्या दवाखान्यात जायाचं.'

७ ऑगस्ट
मोठ्या दवाखान्यात मीही गेले. डोळ्यांत कॅन्सरच्या गाठी आहेत. डावा काढावा लागणार, उजव्यासाठी औषधं देऊन बघू, डॉक्टर म्हणाले. 'जरा आधी आणायला हवं होतं.' हे ते सिद्धरामकडे बघून बोलले. खरं तर मलाच बोलायला हवं होतं.
मग विचारलं, आणखी मूल आहे का? आहे – मल्लेश, आठ महिन्यांचा, शेजारणीपाशी ठेवलेला. हा आजार भावंडांतही असू शकतो, त्यालाही लगेच तपासायला आणा म्हणाले. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तर हाच आजार असू शकतो.
महादेवी म्हणाली, 'त्येला काय न्हाय झालं.' 

८ ऑगस्ट
सकाळीच महादेवी दारात. मल्लेश कडेवर, हसत होता. 'बाई, ह्येचा फोटू काढा की.'
काढला. दोन्ही डोळ्यांत पांढरं.