परत आलेली पाळी

४ मार्च, सोमवार

आज पुन्हा डाग! काल वाटलं, कुठेतरी खरचटलं असेल. आज पोहायला शिकवायची बॅच संपवून पाण्यातून वर आले, कपडे बदलायच्या खोलीत गेले — आणि परत तेच. पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. घरात पॅडचं पाकीटसुद्धा नाही. पर्सच्या तळाशी एक जुनं सापडलं, बिचारं पार चुरगळलेलं. वेळेला कामाला आलं.

दुसऱ्या बॅचला पाण्यात उतरले नाही. काठावर उभी राहून नुसती शिट्टी वाजवली. बायका म्हणाल्या, "मॅडम, आमच्यावर रुसलात का?"

५ मार्च, मंगळवार

तलावावरच्या त्या खोलीत भिंती नाहीत, नुसते पडदे. गुपित टिकायचं कसं? बातमीदारानं हेरलंच. (हे नाव मीच ठेवलंय. बॅचमधली सगळ्यात धीट बाई, पण जगातली प्रत्येक खबर आधी तिच्या फोनवर येते आणि मग आम्हा सगळ्यांच्या.) "अय्या मॅडम, परत सुरू झाली? तरुण झालात की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि खरं लिहायचं तर — बरं वाटलं! चोपन्नाव्या वर्षी घरी येऊन आरशात दोनदा बघितलं.

९ मार्च, शनिवार

बातमीदारानं व्हिडिओ पाठवला. पांढरा कोट, गळ्यात नळी, मागे जाड पुस्तकं. म्हणतो, पाळी परत येणं म्हणजे शरीर स्वतःला शुद्ध करतंय, घाबरू नका. खाली त्याचीच पुडी विकायला. लाखो लोकांनी बघितलाय म्हणे. मागवली. काय कडू! जीभ काढून धुवावीशी वाटली.

१४ मार्च, गुरुवार

थांबलं! कडू आहे, पण गुणाची आहे.

सासूबाईंनी विचारलं, "रोज सकाळी नाक धरून काय पितेस?" सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं तोंडातून काढत नव्हतो." मी म्हटलं, "म्हणून तर आता आम्ही काढतो!" एरवी माझ्या विनोदाला त्या आधी हसतात. आज नुसत्या पेपर वाचत राहिल्या.

२२ मार्च, शुक्रवार

परत आलं. आधीपेक्षा जास्त.

आणि आज औषधवालीनं मला धरलं. म्हणजे उलट — मीच तिच्यामागे लागले होते. ही पण बॅचमधलीच, चौकातलं औषधांचं दुकान तिचं. हुशार बाई, पण पाण्याला भयंकर घाबरते. काठाची लोखंडी दांडी धरते ती सुट्टी होईपर्यंत सोडत नाही. मी काठावरून तिला पाय मारायला सांगत होते. ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोला."

"पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर येतं ती पाळी नसते. ते नुसतं रक्त असतं. थेंबभर असलं तरी डॉक्टरला दाखवायचं."

"पण पुडीनं थांबलं होतं की."

"ते आपलं आपण थांबतं आणि आपलं आपण येतं. पुडी मधल्यामध्ये फुकटचं श्रेय घेते."

मी विचारलं, "म्हणजे कॅन्सर?"

"बहुतेक वेळा नसतोच. आतली त्वचा कोरडी, नाजूक झालेली असते, नाहीतर गर्भाशयात एखादा कोंब, पॉलिप म्हणतात तो, वाढलेला असतो. पण काही जणींना असतो. लवकर कळला तर बहुतेक जणी बऱ्या होतात. घरी बसून ओळखता येत नाही, मॅडम. मलाही नाही, आणि त्या कोटवाल्यालाही नाही."

मला रागच आला. भीतीचा राग, दुसरं काय! म्हटलं, "तुम्ही आधी ती दांडी सोडा! केव्हापासून घोरपडीसारख्या चिकटलाय!"

"मी सोडली तर तुम्ही जाल?"

"जाईन!"

तिनं सोडली. डोळे घट्ट मिटून, श्वास कोंडून — सोडली! मी आहे त्या कपड्यांनिशी उडी मारायच्या बेतात होते. खाली गेली, वर आली, हातपाय झाडले, आणि तरंगली. खोकत खोकत, नाकातलं पाणी पुसत ओरडली, "जा आता!"

आता आली का पंचाईत.

२३ मार्च, शनिवार

यांना सांगितलं. हे फ्रिज दुरुस्त करतात, जगातलं सगळं यांना फ्रिजमध्ये दिसतं. म्हणाले, "फ्रिजखाली पाणी दिसलं की लोक फडकं टाकतात. मग महिनोन्महिने नुसती फडकी बदलत बसतात आणि सगळं बिघडल्यावर मला बोलावतात."

"मी काय फ्रिज आहे?"

"फ्रिजची मला एवढी काळजी नसते," म्हणाले, आणि लगेच फोन लावून वेळ घेतली. पुडी केराच्या डब्यात.

२ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात सगळ्या बायका, आणि मध्ये आमचे हे. चष्मा लावून बाळाला दूध कसं पाजावं याचा तक्ता वाचत बसले होते. शेजारच्या गरोदर मुलीनं विचारलं, "काका, समजलं का सगळं?" "आईचा हात कसा असावा तेवढं नाही समजलं," म्हणाले. अख्खी रांग हसली.

डॉक्टर बाईच आहेत, वयानं माझ्या लेकीएवढ्या. मी म्हटलं, पाळी परत आलीये. त्या म्हणाल्या, "पाळी नाही ही. रक्त येतंय, कुठून येतंय ते शोधू." हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, एवढे दिवस काय करत होतात असंही म्हणाल्या नाहीत. (मी उत्तर तयार ठेवलं होतं!) आतून सोनोग्राफी केली. गर्भाशयात कोंबासारखं काहीतरी आहे. दुर्बिणीतून काढायचा आणि तपासायला पाठवायचा.

"घाबरू का?" मी विचारलं.

"घाबरलात तरी चालेल. तारीख तेवढी चुकवू नका."

घरी आले तर सासूबाई दारातच. "दुखलं?"

"थोडं अवघडल्यासारखं झालं."

"तपासायला बाईच असते?"

"हो."

"हं," म्हणाल्या आणि झाडांना पाणी घालायला गेल्या.

११ एप्रिल, गुरुवार

काढला. भूल दिली होती, काही कळलं नाही. संध्याकाळी घरी. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. भूल उतरल्यावर हेच आधी ऐकू आलं आणि हेच सगळ्यात जास्त दुखलं.

१५ एप्रिल, सोमवार

रिपोर्ट नाही. शिट्टी घरी विसरले, बॅचला बोटं तोंडात घालून वाजवली.

१९ एप्रिल, शुक्रवार

साधा कोंब! वाईट काही नाही!

डॉक्टर म्हणाल्या, "पण पुन्हा रक्त आलं तर पुन्हा यायचं. एकदा बरं निघालं म्हणून पुढच्या वेळी गृहीत धरायचं नाही." मान हलवली. बाहेर येऊन यांना सांगितलं तर हे भर रस्त्यात रडायला लागले! मी कुठली रडतेय, मला सपाटून भूक लागली होती.

६ मे, सोमवार

पाण्यात! आधी कान भरले, मग डोकं रिकामं झालं. उताणी पडून छताकडे बघत राहिले. औषधवाली माझ्या बाजूनं पोहत गेली. पोहत! तिचं पोहणं म्हणजे कपडे धुतल्यासारखा आवाज, पण पुढे जाते.

२५ मे, शनिवार

आज डॉक्टर तलावावर आल्या. मीच बोलावलं. पुरुषांच्या बॅचला सुट्टी दिली, काठावर बाकं मांडली. आधी कोणी तोंड उघडेना, मग आवरेनात! कोरडेपणा, खाज, शिंकताना लघवी निसटणं, रात्रीचा घाम — एकेकीनं किती दिवस काय काय मिटून ठेवलं होतं.

बातमीदारानं विचारलं, "व्हिडिओ खरा की खोटा, ओळखायचं कसं?" बिचारी जरा ओशाळली होती.

डॉक्टर म्हणाल्या, "सांगणारा काही विकतोय का बघा. तुम्हाला न तपासताच निदान करतोय का बघा. आणि शिकलेल्या, समोर बसलेल्या माणसाला विचारा, म्हणजे उलटा प्रश्न करता येतो." बातमीदारानं ते तिथल्या तिथे फोनवर टिपलं. तासाभरात आम्हा सगळ्यांना आलंसुद्धा!

सासूबाईही आल्या होत्या. "घरी बसून कंटाळा आलाय, तुझा तलाव तरी बघते," म्हणाल्या. मागच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या. काही विचारलं नाही. फार छान दिवस गेला.

२७ मे, सोमवार

सकाळी चहा टाकला. सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मला त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चल. त्याला सांगू नकोस."

"काय होतंय?"

"तुला होत होतं तेच."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्याच्या आधीपासून." माझ्याकडे बघत नव्हत्या.

बॅच रद्द केली. त्या चपला घालून दारात उभ्या आहेत. निघते.